तीन डॉक्टर व एक प्रश्न

सायंकाळीं देवापुढें दिवा लावून घरांतील वडील माणसें हात जोडतात आणि कॉलेजांत शिकणारा मुलगा पुस्तकांतून डोकें वर न काढतां तसाच बसून राहतो, हा देखावा सुशिक्षित मध्यम वर्गाच्या घरांत आतां कोणास नवा राहिलेला नाहीं. त्यावरून पुढें जो वाद होतो तोही ठराविक वळणानें जातो. मुलगा म्हणतो, ज्याचा पुरावा नाहीं तें मी मानीत नाहीं. वडील विचारतात, मग चांगलें वागायचें तें तरी कशासाठीं? येथें मुलगा बहुधा निरुत्तर होतो व वडिलांस आपण जिंकलों असें वाटतें. परंतु खरें पाहतां त्या प्रश्नाचें उत्तर वडिलांनीं तरी स्वतः कोठें शोधलेलें असतें? त्यांस तें वाडवडिलांकडून आयतें मिळालेलें असतें, इतकेंच. मुलाचें मौन काय किंवा वडिलांचा विजय काय, दोन्ही सारखींच अपुरीं आहेत असें आम्हांस वाटतें.

ह्या प्रश्नाचा ऊहापोह तत्त्वज्ञांनीं पुष्कळ केला आहे. पण त्यांच्या हातीं गेल्यावर तो लौकरच परिभाषेच्या जाळ्यांत सांपडतो. कादंबरीकाराची गोष्ट निराळी. त्याला एखादें मत कोणातरी माणसाच्या अंगावर चढवून त्या माणसास जगांत वावरावयास लावावें लागतें. तें मत अंगाला बसतें कीं कांखेंत आवळतें हें मग वाचकाला आपोआप दिसतें. म्हणून आम्हीं ह्या लेखासाठीं तीन कलाकृति घेतल्या आहेत: इव्हान तुर्गेनेव्हची 'वडील व मुलें' ही कादंबरी (१८६२), अंतोन चेकॉव्हची 'एक कंटाळवाणी गोष्ट' ही दीर्घकथा (१८८९) आणि आल्बेर काम्यूची 'प्लेग' ही कादंबरी (१९४७). तिहींचे नायक डॉक्टर आहेत, आणि हा आम्ही केवळ योगायोग समजत नाहीं. विज्ञानावर भिस्त ठेवून वाढलेला आणि तरीही रोज मृत्यूच्या उंबरठ्यावर उभा राहणारा असा दुसरा धंदेवाईक नाहीं. ईश्वर, परलोक, अंतिम सत्य हीं सर्व बाजूला सारल्यावर माणसापाशीं काय उरतें, ह्याची परीक्षा त्याच्या आयुष्यांत पुढें ढकलतां येत नाहीं.

प्रथम शब्दाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. लॅटिन भाषेंत 'निहिल' म्हणजे 'कांहीं नाहीं'. त्यापासून झालेला 'निहिलिझम' हा शब्द याकोबी ह्या जर्मन तत्त्वज्ञानें १७९९ सालीं फिख्टेस लिहिलेल्या पत्रांत दूषण म्हणून वापरला होता. पण पंडितांच्या पत्रव्यवहारांतून तो रस्त्यावर आला तुर्गेनेव्हच्या कादंबरीमुळें. ती १८६२ च्या आरंभीं एका रशियन मासिकांत प्रसिद्ध झाली. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत पीटर्सबर्ग शहरांत मोठ्या आगी लागल्या. त्या वेळीं राजधानींत परतलेल्या तुर्गेनेव्हला भेटलेल्या पहिल्याच परिचितानें त्या आगींचें खापर त्याच्या 'निहिलिस्टां'च्या डोक्यावर फोडून दाखविलें. कादंबरींतला शब्द इतक्या लौकर शिवी होऊन बसल्याचें उदाहरण विरळाच.

मराठींत ह्या शब्दासाठीं 'शून्यवाद' हा प्रतिशब्द रूढ आहे. तो आम्हांस गैरसोयीचा वाटतो. शून्यवाद म्हटला कीं आपणांस नागार्जुनाची आठवण होते. आणि नागार्जुनाचें शून्य म्हणजे 'कांहीं नाहीं' नव्हे. कोणतीही वस्तु स्वतःच्या बळावर, दुसऱ्या कशावरही अवलंबून न राहतां अस्तित्वांत नसते, एवढाच त्याचा आशय आहे. सर्वच शून्य असेल तर चार आर्यसत्यें व सर्व धर्माचरण निरर्थक ठरेल, हा आक्षेप 'मूलमध्यमककारिके'च्या चोविसाव्या प्रकरणांत नागार्जुनानेंच प्रतिपक्ष्याच्या तोंडीं घातला आहे, आणि शून्यतेमुळेंच आचरण शक्य होतें असें त्यास उलट उत्तर दिलें आहे. म्हणजे ज्या दरींत युरोप एकोणिसाव्या शतकांत डोकावला, तिची कल्पना आपल्याकडील ह्या विचारवंताला फार पूर्वीं आली होती. गैरसमज टळावा म्हणून आम्ही येथें 'नास्तिवाद' हाच शब्द वापरणार आहों.

आतां तुर्गेनेव्हच्या डॉक्टराकडे वळूं. कथेचा आरंभ मे १८५९ मध्यें, म्हणजे रशियांतील भूदासांची मुक्तता होण्यापूर्वीं दोन वर्षें होतो. विश्वविद्यालयाचें शिक्षण संपवून आर्कादी किर्सानोव्ह हा तरुण घरीं येतो व आपल्याबरोबर बझारोव्ह नांवाच्या मित्राला आणतो. बझारोव्ह वैद्यकाचा विद्यार्थी आहे. बेडूक पकडून तो चिरतो, सूक्ष्मदर्शकांतून पाहतो, आणि जेवणाच्या टेबलावर आर्कादीच्या चुलत्याचें, पाव्हेल पेत्रोव्हिचचें, रक्त तापेल अशा गोष्टी सहजपणें बोलून जातो. कला, परंपरा, अधिकार, घराण्याची प्रतिष्ठा ह्यांपैकीं त्याला कांहींच मान्य नाहीं. हें सर्व पाडून त्या जागीं बांधणार काय, असें विचारतां तें काम आमचें नव्हे, आधीं जागा मोकळी झाली पाहिजे, असें तो सांगतो. ज्या घरगुती वादानें आम्हीं हा लेख सुरू केला त्याचें हें मूळ पीठ म्हटलें तरी चालेल.

कादंबरी प्रसिद्ध होतांच दोन्ही पक्ष खवळले. पुरोगामी टीकाकार अंतोनोव्हिच ह्याला ती तरुण पिढीची विटंबना वाटली. उलट जुन्या मताच्या लोकांस लेखक ह्या उर्मट पोराच्या पायांशीं लोळण घेत आहे असें वाटलें. पिसारेव्ह ह्या तरुण टीकाकारानें मात्र बझारोव्हमध्यें आपल्या पिढीचा खरा चेहरा ओळखला. दोन्ही बाजूंनीं मार खाणें हें पुष्कळदां लेखकाच्या प्रामाणिकपणाचें लक्षण असतें, आणि येथें तें तसें आहे.

बझारोव्हच्या मतांत तर्काची चूक आहे असें तुर्गेनेव्ह कोठेंही दाखवीत नाहीं. चुलत्याशीं झालेल्या वादांत बझारोव्हचीच सरशी होते. पण वादांत जिंकणारा हा माणूस जेथें कोणी त्याच्याकडे कांहीं मागतें तेथें अडखळतो, आणि लेखकाचें सारें लक्ष त्या अडखळण्याकडे आहे. प्रेम म्हणजे शरीरव्यापार, बाकी सारें काव्य, असें मानणारा हा तरुण ऑदिंत्सोवा नांवाच्या विधवेवर प्रेम करूं लागतो आणि आपल्या मनांतील ह्या 'काव्या'चा त्यालाच संताप येतो. गवताच्या गंजीखालीं पडून आर्कादीशीं बोलत असतां तो याहून खोल पाण्यांत शिरतो. शेवटच्या गरीब शेतकऱ्याला चांगलें घर मिळेल तेव्हां रशियाचें कल्याण होईल, असें आर्कादी म्हणतो. बझारोव्हला त्या भावी शेतकऱ्याचा एकदम तिटकारा येतो: ज्याच्यासाठीं मी राबायचें तो मला ओळखणारही नाहीं, आणि ओळखलें तरी मी तोंवर मातींत गेलेला असेन. आमच्या मते नास्तिवादाचा खरा कणा ह्या एका उद्गारांत आहे. ईश्वर नाकारणें ही त्यांतली लहान गोष्ट आहे. आपल्या मरणापलीकडे जें कांहीं आहे त्याचा आपल्याशीं संबंधच नाहीं, ही मोठी.

बझारोव्हचे आईबाप म्हणजे कादंबरींतील सर्वांत जिवंत माणसें. बाप पलटणींतला निवृत्त डॉक्टर, आई भोळीभाबडी. तीन वर्षांनीं घरीं आलेला मुलगा तीन दिवसांतच कंटाळून निघून जातो, आणि दोन्ही म्हातारीं एकमेकांच्या डोक्याला डोकें टेकून बसतात. हें वाचून ज्याला स्वतःच्या हातून घडलेलें असें कांहीं आठवणार नाहीं तो वाचक विरळा. पुढें बझारोव्ह परत येतो व बापाच्या बरोबर खेड्यांतल्या लोकांवर औषधोपचार करूं लागतो. विषमज्वरासारख्या संसर्गी तापानें मेलेल्या एका शेतकऱ्याचें प्रेत चिरतांना त्याचें बोट कापतें. जखम डागण्याचें औषध तेथल्या डॉक्टराजवळ नसतें. घरीं येऊन तें मागेपर्यंत कित्येक तास लोटलेले असतात. विज्ञानावर एवढी श्रद्धा ठेवणारा माणूस एका क्षुल्लक औषधाच्या अभावीं मरतो.

त्या मरणांत मात्र बझारोव्ह आपल्या मतांहून मोठा होतो. बाप डोळ्यांत पाणी आणून त्याला अंतकाळचा धर्मविधि करून घे म्हणून विनवितो. बझारोव्ह आपलें मत बदलीत नाहीं, आणि म्हाताऱ्याला झिडकारीतही नाहीं. तुम्हांला बरें वाटत असेल तर माझी हरकत नाहीं, पण इतकी घाई नको, बेशुद्धावरही तो विधि होतो, अशा अर्थाचें तो कांहींसें बोलतो. तीन दिवसांत घर सोडून जाणारा मुलगा येथें प्रथमच बापाच्या दुःखाला जागा करून देतो. त्याची नास्तिकता जागच्या जागीं आहे, तिचा काठिण्यभाग तेवढा गळून गेला आहे.

कादंबरीच्या शेवटीं म्हातारा-म्हातारी एकमेकांच्या आधारानें मुलाच्या थडग्यापाशीं येतात. ह्या प्रसंगावर तुर्गेनेव्हनें शाश्वत शांतीचीं व अनंत जीवनाचीं जीं चार वाक्यें लिहिलीं आहेत, तीं आम्हांस त्यानें स्वतःच्या मनाच्या समाधानाकरितां घातलेलीं वाटतात. बझारोव्हच्या आयुष्यांतून तीं निघत नाहींत. दोन म्हातारीं माणसें तेथें येतात, हेंच पुरेसें होतें.

दुसरा डॉक्टर सत्तावीस वर्षांनंतरचा. मध्यंतरीं १८८२ सालीं नीत्शेनें आपल्या एका पुस्तकांत कंदील घेऊन भर सकाळीं बाजारांत ईश्वराला शोधणाऱ्या वेड्याची गोष्ट सांगून ईश्वराच्या मृत्यूची वार्ता युरोपला दिली होती. चेकॉव्हच्या कथेंत असला कसलाही आरडाओरडा नाहीं. तिचा निवेदक निकोलाय स्तेपानोव्हिच हा बासष्ट वर्षांचा वैद्यकाचा नामांकित अध्यापक आहे. देशोदेशींच्या पदव्या व पदकें त्याच्यापाशीं आहेत. आपणांस फार तर सहा महिन्यांचें आयुष्य उरलें आहे हें तो डॉक्टर असल्यामुळें जाणतो. रात्रीं झोप नाहीं. बायको परकी वाटते. मुलगी एका दिखाऊ तरुणाच्या नादीं लागली आहे आणि तो जांवई म्हणून घरांत येणार ह्या विचारानें म्हाताऱ्याचें मन कडू झालें आहे. त्याला जवळची अशी एकच व्यक्ति उरली आहे: मृत मित्राची मुलगी कात्या, जिचा तो पालक होता. रंगभूमीच्या वेडापायीं ती घराबाहेर पडली, फसली, तिचें मूल गेलें, आणि आतां ती रिकाम्या मनानें दिवस काढीत आहे.

आयुष्याचा हिशेब करीत असतां अध्यापकाला असें आढळून येतें कीं, आपल्या सर्व विचारांना, भावनांना व ज्ञानाला एका सूत्रांत ओंवणारी अशी कोणतीही व्यापक कल्पना आपल्यापाशीं नाहीं. आणि ती नसेल तर कांहींच नाहीं. ह्या निदानाची कीर्ति मोठी आहे. नास्तिवादावर लिहिणारे टीकाकार तें वारंवार पुढें करतात व त्यावरून, ज्याला अंतिम तत्त्व नाहीं त्याच्या हातीं शेवटीं राखच उरते, असा निष्कर्ष काढतात.

आमचें मत निराळें आहे. कथेचा शेवट पाहा. खार्कोव्हच्या एका हॉटेलांत म्हातारा एकटा असतां कात्या अचानक येऊन उभी राहते. मी काय करूं, एवढेंच ती पुनःपुन्हां विचारते. तो म्हणतो, खरोखर मला माहीत नाहीं; मग गोंधळून न्याहारी करूं या म्हणतो. ती थंडपणें निघून जाते, आणि माझ्या प्रेतयात्रेला ती येणार नाहीं, हा विचार तेवढा त्याच्या मनांत उरतो. आतां कात्याला विश्वाच्या आदिकारणाविषयीं कांहीं विचारावयाचें होतें काय? तिला कोणीतरी थांब म्हणणारें हवें होतें. व्यापक कल्पना नसलेला माणूसही 'थांब' म्हणूं शकतो. आमच्या दृष्टीनें ह्या निष्णात डॉक्टरानें जन्मभर इतरांचीं निदानें बरोबर केलीं आणि स्वतःचें तेवढें चुकविलें. बुद्धीला सूत्र सांपडलें नाहीं म्हणून तो हरला नाहीं. जवळच्या माणसाला न पाहण्याची संवय इतकी मुरली होती कीं ऐन वेळीं ती सुटली नाहीं. बझारोव्ह मरतांना बापासाठीं जें करतो तें ह्याला करतां आलें नाहीं, आणि मतांच्या दृष्टीनें दोघांत फारसा फरक नाहीं.

चेकॉव्ह स्वतः कोणता निर्णय देत नाहीं. ही कथा लिहिली तेव्हां तो एकोणतीस वर्षांचा होता, आणि पुढेंही त्याला एखादी व्यापक कल्पना गवसली असें त्याच्या लेखनांत आम्हांस कोठें आढळलें नाहीं. परंतु पुढच्याच वर्षीं, १८९० सालीं, क्षयाचीं लक्षणें दिसूं लागलेला हा माणूस सैबेरिया ओलांडून साखालिन बेटावर गेला आणि तेथल्या कैद्यांची व वसाहतवाल्यांची घरोघर जाऊन स्वतः नोंद केली. १८९२ सालीं कॉलऱ्याची साथ आली तेव्हां पंचवीस खेडीं, चार कारखाने व एक मठ एवढ्या टापूची जबाबदारी त्यानें बिनपगारी पत्करली. लेखकाचें चरित्र हें त्याच्या कथेचें भाष्य होत नाहीं हें आम्ही जाणतों. तथापि जो प्रश्न कथेंत अनुत्तरित राहिला, त्यासाठीं त्यानें आपलें काम थांबवून धरलें नाहीं, एवढें तरी त्यावरून दिसतें.

येथून तिसऱ्या डॉक्टराकडे जाणें सोपें आहे. काम्यू हा अल्जीरियांत जन्मलेला फ्रेंच लेखक (१९१३-१९६०). बाप पहिल्या महायुद्धांत गेला, घरांत दारिद्र्य, आणि सतराव्या वर्षीं क्षय. १९४२ सालीं प्रसिद्ध झालेल्या सिसिफसवरील निबंधांत त्यानें जगाला अंगचा अर्थ नाहीं हें गृहीत धरून, मग जगावें कां, हाच तत्त्वज्ञानाचा पहिला प्रश्न केला. 'प्लेग' ह्या कादंबरींत तोच प्रश्न त्यानें एकट्या माणसाकडून काढून सबंध शहराकडे दिला आहे. अल्जीरियाच्या किनाऱ्यावरील ओरान शहरांत उंदीर मरूं लागतात, मग माणसें. शहराचे दरवाजे बंद होतात. डॉक्टर रिय रोज पहाटेपासून रात्रींपर्यंत गांठी चिरतो, रोग्यांस घरांतून हलवितो, रडणाऱ्या आयांना तोंड देतो. ईश्वरावर त्याचा विश्वास नाहीं. ईश्वर सर्वशक्तिमान् आहे असें वाटलें असतें तर लोकांना बरें करण्याचें काम त्याच्यावर सोंपवून मी मोकळा झालों असतों, असा त्याचा एकंदर रोख आहे. शौर्याची भाषा त्याला आवडत नाहीं. आपलें काम नीट करणें ह्यापलीकडे तो कांहीं सांगत नाहीं.

मराठी वाचकाला ही कादंबरी परकी वाटण्याचें कारण नाहीं. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस ह्या गोमंतकीय डॉक्टरानें प्लेग ओळखला. ओडेसांत जन्मलेल्या हाफकिननें मुंबईंतच लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. आणि त्याच वर्षीं १० मार्चला पुण्यांत प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले त्याच रोगानें वारल्या. गांव सोडून रानांत झोंपड्या बांधून राहिल्याच्या आठवणी अनेक कुटुंबांत पुढच्या पिढ्यांनीं ऐकल्या आहेत. ह्यांतील सावित्रीबाईंचें उदाहरण आमच्या विषयाला महत्त्वाचें आहे. त्या सत्यशोधक विचाराच्या, निर्मिकावर श्रद्धा ठेवणाऱ्या होत्या. रियची तशी श्रद्धा नाहीं. रोग्याच्या खाटेपाशीं मात्र दोघांची कृति एकच आहे. मग श्रद्धेचें काम काय, हा प्रश्न आस्तिक-नास्तिक दोघांनाही टाळतां येत नाहीं.

काम्यूनें तो टाळलेला नाहीं. पानलू हा पाद्री पहिल्या प्रवचनांत प्लेग ही पापाची शिक्षा आहे असें गर्जून सांगतो. पुढें न्यायाधीश ओतों ह्यांच्या लहान मुलावर नव्या लशीचा प्रयोग होतो, आणि लशीमुळें मुलाच्या यातना तेवढ्या लांबतात. रिय व पानलू दोघेही त्या खाटेपाशीं उभे आहेत. मूल गेल्यावर रियचा संयम प्रथमच सुटतो. ह्या मुलानें तरी कोणतें पाप केलें होतें, असा त्याचा सवाल आहे. पानलूचें दुसरें प्रवचन पहिल्यासारखें राहत नाहीं. 'तुम्हीं' ह्या संबोधनाच्या जागीं 'आपण' येतें, आणि सर्व मानणें किंवा सर्व नाकारणें ह्या दोहोंखेरीज तिसरा मार्ग नाहीं असें तो म्हणतो. काम्यूची थोरवी ही कीं, त्यानें ह्या पाद्र्याची टवाळी केली नाहीं. पानलू सेवापथकांत राबतो व मरतो. त्याच्या मरणाची नोंद 'संशयित' म्हणून होते. म्हणजे रोगाची गांठ आढळली नाहीं. कदाचित् त्याला मुलाच्या मरणानेंच मारलें असेल.

पण आम्हांस ह्या पुस्तकांतील सर्वांत सुंदर पात्र ग्राँ हें वाटतें. हा नगरपालिकेचा म्हातारा कारकून. वर्षानुवर्षें तो एक कादंबरी लिहीत आहे व तिचें पहिलेंच वाक्य पुन्हां पुन्हां बदलीत बसला आहे. दिवसा कचेरी, संध्याकाळीं पथकाचे आंकडे भरणें, रात्रीं तें वाक्य. शहराला एखादा वीर हवाच असेल तर तो हा असावा, असें निवेदक सुचवितो. संतपदाला पोंचण्यासाठीं ईश्वर आवश्यक आहे काय, हा प्रश्न तारू ह्या दुसऱ्या पात्राला छळतो. ग्राँला तो प्रश्न पडतच नाहीं. प्लेग आला आहे, आंकडे कोणीतरी भरले पाहिजेत, मला थोडा वेळ आहे: इतकें त्याला पुरतें.

येथवर आम्हीं काम्यूची बाजू मनापासून मांडली. आतां आक्षेप. आस्तिक वाचक म्हणेल कीं रियचा चांगुलपणा हा श्रद्धाळू पिढ्यांनीं सांठविलेल्या पुंजीवर चालला आहे, आणि ती पुंजी संपली म्हणजे पुढच्या पिढीला सेवेची प्रेरणा उरणार नाहीं. हा आक्षेप आम्हांस अर्धाच पटतो. प्रेरणेची चिंता करण्याचें कारण नाहीं. बझारोव्ह, चेकॉव्ह व ग्राँ पाहिले म्हणजे, माणसाला दुसऱ्याच्या दुःखाकडे ओढणारी शक्ति सिद्धान्ताच्या आधीं येते असें दिसतें. खरी अडचण दुसरीकडे आहे, आणि ती काम्यूच्या ह्याच कादंबरींत, बहुधा लेखकाच्या नकळत, उघडी पडली आहे.

रांबेर हा पत्रकार पॅरिसहून ओरानला येतो तो तेथल्या अरबांच्या राहणीची व आरोग्याची चौकशी करण्यासाठीं. तो रियला माहिती विचारतो. संपूर्ण सत्य छापण्याची मोकळीक तुम्हांस आहे काय, असें रिय उलट विचारतो. तशी ती नाहीं म्हटल्यावर माहिती देण्याचें नाकारतो. संवाद बाणेदार आहे. पण त्यानंतर प्लेग येतो, शेंकडों पानें उलटतात, आणि अरब पुन्हां फारसे दिसतच नाहींत. ज्या देशांत बहुसंख्य लोक अरब व बर्बर, त्या देशांतील शहरावर काळ कोसळतो, आणि ज्यांचें मरण आपण पाहतों त्या सर्वांचीं नांवें फ्रेंच! कादंबरीवर इतर टीका पुष्कळ झाली. जर्मनांच्या फ्रान्सवरील अंमलाचें रूपक जंतूंच्या साथींत कसें बसेल, शत्रु माणूस असतां त्याला रोग कसें म्हणावें, असें रोलां बार्तनें १९५५ सालीं विचारलें. तो आक्षेप रूपकावरचा आहे. आमचा आक्षेप रियच्या नीतीवर आहे. 'समोरच्या माणसासाठीं आपलें काम करा' हें तत्त्व फार चांगलें. पण समोर कोण आहे हें ठरविणार कोण? रियच्या डोळ्यांना जे दिसले त्यांच्यासाठीं तो झिजला. जे दिसले नाहींत त्यांच्याकडे पाहावयास लावणारें त्याच्या नीतींत कांहीं नाहीं. काम्यूला अरबांचीं दुःखें ठाऊक नव्हतीं म्हणावें तर तसेंही नाहीं. १९३९ सालीं कबिली प्रदेशांतील दारिद्र्यावर त्यानेंच वृत्तपत्रांत लेखमाला लिहिली होती. म्हणून ही उणीव अधिकच जाणवते. कादंबरीनंतर सातच वर्षांनीं, १९५४ मध्यें, अल्जीरियांत स्वातंत्र्ययुद्ध पेटलें.

ह्यावरून आम्हांस असें दिसतें कीं निरपेक्ष, अंतिम असें तत्त्व माणसाला दोन गोष्टी देत असे. एक, चांगलें वागण्याचें कारण. दुसरी, त्या चांगुलपणाची व्याप्ति. पहिलीवांचून माणसाचें अडत नाहीं, हें ह्या तीन कृतींनीं आमच्या समाधानापुरतें सिद्ध केलें आहे. दुसरीचें तसें नाहीं. सर्व एकाच ईश्वराचीं लेंकरें आहेत असें म्हणणाऱ्यावर, निदान तोंडानें तरी, कोणाला वगळण्याची बंदी असते. तें तत्त्व सोडणाऱ्यानें ही बंदी स्वतःवर स्वतःच घालून घेतली पाहिजे, आणि आपल्या नजरेंतून कोण सुटलें ह्याचा तपास पुनःपुन्हां केला पाहिजे. ती मेहनत न घेतां मिळालेला अर्थ हा आपल्या आळीपुरता अर्थ होय.

मात्र हें वाचून आस्तिकांनीं हर्ष मानूं नये. सर्वांभूतीं एकच आत्मा आहे असें ज्यांचे ग्रंथ सांगतात, त्या आमच्या समाजानें शतकानुशतकें कांहीं माणसांना पाणवठ्यावर येऊं दिलें नाहीं, आणि सार्वजनिक तळ्याचें पाणी पिण्याच्या हक्कासाठीं १९२७ सालीं महाडास सत्याग्रह करावा लागला. म्हणजे व्याप्तीचें वचन देणारें तत्त्व हातीं असूनही ती व्याप्ति प्रत्यक्षांत येत नाहीं. वगळलेल्यांचा तपास करण्याचें काम श्रद्धावानालाही सुटलेलें नाहीं. त्याच्यावर तर दिलेल्या वचनाचा भार अधिक.

तेव्हां चांगलें कशासाठीं वागायचें, ह्या वडिलांच्या प्रश्नाला मुलानें तर्कानें उत्तर द्यावें असा आमचा आग्रह नाहीं. तसें उत्तर रियपाशीं नव्हतें, अध्यापकापाशीं नव्हतें, आणि वडिलांचें उत्तरही विश्वासावरच उभें आहे. दोघांनीं मिळून करण्याजोगें काम मात्र पुष्कळ आहे. बझारोव्हच्या म्हाताऱ्या बापाची एक लहानशी गोष्ट तुर्गेनेव्हनें जातां जातां सांगितली आहे. मुलगा दुसऱ्या खेपेस घरीं आला असतां त्यानें वाटेनें जाणाऱ्या एका फेरीवाल्याचा दांत उपटला. दांत अगदीं साधाच होता. पण बापानें तो नवलाची वस्तु म्हणून जपून ठेवला व येणाऱ्याजाणाऱ्यास कौतुकानें दाखविला. बाप शेवटपर्यंत देवभक्त राहिला, मुलगा शेवटपर्यंत नास्तिक. त्या दिवसांत मात्र दोघेही खेड्यांतल्या रोग्यांना औषधपाणी देत होते, आणि सबंध कादंबरींत तो म्हातारा इतका सुखी दुसऱ्या कोठेंही दिसत नाहीं.